यकृताचा कर्करोग, जनुकांचे भाकीत आणि आपला साध्यासाध्यविचार

चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी व्याधी साध्य, कष्टसाध्य, याप्य की प्रत्याख्येय आहे याचा निर्णय करावा, असा दंडक चरकसंहितेने सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायातच घालून दिला आहे. असाध्य व्याधी अंगावर घेणाऱ्या वैद्याची धन, विद्या आणि यश या तिहींची हानी होते, हेही तेथेच सांगितले आहे. इंद्रियस्थानाचे बारा अध्याय तर अरिष्टविचारालाच वाहिलेले आहेत. तेव्हा 'रुग्ण किती काळ जगेल' हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. हाच प्रश्न आता आधुनिक संशोधक रुग्णाच्या अर्बुदातील जनुकांना विचारू लागले आहेत. यकृताच्या कर्करोगात रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांवरून रुग्णाच्या आयुर्मानाचे अनुमान करणारे शोधनिबंध गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत.

या निबंधांची वार्ता आपल्या वैद्यवर्गात पोहोचली, की दोन प्रकारची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, हे सारे परदेशी प्रयोगशाळांचे खेळ आहेत, आपला त्यांच्याशी संबंध नाही. दुसरे काही जण म्हणतात, व्याधिक्षमत्व आणि प्रकृती यांवर आता जनुकशास्त्राने शिक्कामोर्तब केले. आमच्या मते ही दोन्ही मते घाईची आहेत. या संशोधनातून आपण घ्यावा असा एक धडा अवश्य आहे, पण तो या दोहोंहून निराळा आहे. तो मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

संशोधनाचे स्वरूप

यकृताच्या प्राथमिक कर्करोगात सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, अर्थात यकृतपेशींचा कर्करोग. हा बहुधा निरोगी यकृतात उद्भवत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूचा जीर्ण संसर्ग, दीर्घकाळचे मद्यपान, प्रमेह व स्थौल्य यांच्या जोडीने येणारा यकृतातील मेदसंचय, बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन विष अशा कारणांनी यकृत आधीच जर्जर झालेले असते आणि त्यात अर्बुद निर्माण होते. म्हणून या रुग्णाचे आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून असते: गाठ किती पसरली आहे आणि उरलेले यकृत किती कार्यक्षम आहे. बार्सिलोना वर्गीकरण व चाइल्ड-प्यू गणना या प्रचलित पद्धती हेच पाहतात. गाठींची संख्या व आकार, प्रतिहारिणी शिरेतील प्रसार, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जलोदर अशी त्यांची मोजमापे असतात.

तथापि एकाच अवस्थेत मोडणाऱ्या दोन रुग्णांपैकी एक काही महिन्यांत दगावतो आणि दुसरा काही वर्षे जगतो. या फरकाचे कारण अर्बुदाच्या अंतरंगात शोधावे, असा विचार पुढे आला. अमेरिकेतील 'द कॅन्सर जीनोम ॲटलास' या प्रकल्पाने २०१७ साली ३६३ रुग्णांच्या यकृत-अर्बुदांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याची माहिती सर्वांना खुली केली. तेव्हापासून अनेक संशोधकगट याच माहितीवर काम करीत आहेत. त्यांची रीत साधारणतः अशी असते. रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांची मोठी यादी घ्यावयाची. त्यांपैकी कोणती जनुके अर्बुदात अधिक किंवा कमी क्रियाशील आहेत ते पाहावयाचे. त्यांतून आयुर्मानाशी संबंध दाखविणारी मोजकी जनुके निवडावयाची. प्रत्येकाला संख्याशास्त्राने ठरविलेला भार देऊन बेरीज करावयाची. ही बेरीज म्हणजे रुग्णाचा जोखीम-अंक. मध्यांकाच्या वरचे रुग्ण अधिक जोखमीचे, खालचे कमी जोखमीचे. मग दोन्ही गटांचे जीविताचे आलेख काढले की ते एकमेकांपासून दूर गेलेले दिसतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे अत्यंत आवश्यक आहे. हे मोजमाप जन्मतः लाभलेल्या जनुकांचे नाही. शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीतील जनुके त्या क्षणी किती क्रियाशील होती, याचे ते मोजमाप आहे. प्रकृती ही गर्भावस्थेतच निश्चित होते असे आपण मानतो. तेव्हा अर्बुदातील या क्षणिक क्रियाशीलतेला प्रकृतीचा पुरावा म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

व्याधिक्षमत्वाचा शिक्का नको

चरकाच्या सूत्रस्थानातील व्याधिक्षमत्व या संज्ञेचे विवरण करताना चक्रपाणिदत्ताने दोन अर्थ सांगितले आहेत: उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे आणि व्याधीची उत्पत्तीच रोखणे. जनुकांचा जोखीम-अंक यांपैकी फार तर पहिल्या अर्थाच्या एका अंशाला स्पर्श करतो. त्यातही त्याचे म्हणणे 'बल जितके अधिक तितके बरे' इतके सरळ नाही.

आतड्यातून प्रतिहारिणी शिरेवाटे येणाऱ्या असंख्य द्रव्यांना यकृत सतत सामोरे जात असते. प्रत्येक परक्या द्रव्यावर ते भडकून उठू लागले तर शरीर चालणार नाही. म्हणून या अवयवात रोगप्रतिकाराला आवर घालण्याची व्यवस्था मुळातच प्रबळ आहे आणि अर्बुद तिचाच आश्रय घेते. अर्बुदात शिरलेल्या टी-पेशी थकून निष्क्रिय होतात; काही पेशी उलट इतरांनाच रोखून धरतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृत-अर्बुदांपैकी सुमारे एक चतुर्थांश अर्बुदे रोगप्रतिकारक पेशींनी भरलेली आढळली. पण त्या गटातही काहींत या पेशी कार्यक्षम होत्या, तर काहींत त्या थकलेल्या होत्या. संख्या सारखी, कार्य मात्र भिन्न.

या आवरावर उपाय करणारी औषधेही आली आहेत. ॲटेझोलिझुमॅब व बेव्हॅसिझुमॅब या जोडीची सोराफेनिबशी तुलना करणारी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. पुढील पाहणीत या जोडीच्या गटाचे मध्यम आयुर्मान १९.२ महिने व सोराफेनिब गटाचे १३.४ महिने दिसून आले. परंतु मेदसंचयातून झालेल्या यकृत-कर्करोगात रोगप्रतिकार मोकळा करणारी औषधे तितकी लाभदायक ठरत नसावीत, असे संकेत देणारे संशोधनही २०२१ साली पुढे आले आणि त्यावर अद्याप चर्चा चालू आहे. प्रमेह व स्थौल्य आपल्या शहरांत वाढत असता ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तात्पर्य, 'रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे' हे वेष्टनावरचे शब्द या शास्त्रापुढे फारच स्थूल ठरतात. कोणत्या पेशीचे, कोठे, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या कारणाने झालेल्या रोगात, हे सांगितल्यावाचून त्या शब्दांना अर्थ उरत नाही.

पडताळणीचा प्रश्न

आता या भाकितांची दुसरी बाजू पाहू. एकाच खुल्या माहितीवर अनेक गटांनी काम केले आणि प्रत्येकाच्या हाती निराळी यादी आली. एकाची सात जनुके दुसऱ्याच्या नऊ जनुकांशी जुळत नाहीत. सहस्रावधी जनुके व काही शेकडा रुग्ण असले म्हणजे आयुर्मानाशी जुळणारे काही ना काही सापडतेच. स्तनाच्या कर्करोगासंबंधी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने तर असे दाखविले, की यादृच्छिकपणे उचललेल्या जनुकांच्या बहुतेक याद्याही रुग्णांच्या आयुर्मानाशी संबंध दाखवितात. संबंध आढळणे आणि तो उपयोगी पडणे यांत असे मोठे अंतर आहे.

ज्या माहितीतून सूत्र काढले, तिच्याहून सर्वस्वी भिन्न अशा रुग्णांवर ते टिकले पाहिजे. बहुतेक गट त्यासाठी जपानमधील रुग्णांची माहिती वापरतात. जपानमध्ये हिपॅटायटिस सी हे दीर्घकाळ प्रमुख कारण राहिले. चीनमध्ये हिपॅटायटिस बी. पाश्चात्त्य देशांत मद्य व मेदसंचय यांचा वाटा मोठा. आपल्याकडे ही सारी कारणे एकमेकांत मिसळलेली आढळतात. तेव्हा तेथील अंक येथील रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही.

व्यवहारातील अडचण याहून मोठी आहे. सिरोसिस असलेल्या रुग्णात यकृत-कर्करोगाचे निदान बहुधा सी.टी. किंवा एम.आर.आय. तपासणीवरूनच केले जाते. रक्तस्रावाचे व रोग पसरण्याचे भय असल्याने गाठीचा तुकडा काढणे शक्यतो टाळतात. तुकडाच नसेल तर जनुके मोजावयाची कोठून? आपल्याकडील पुष्कळ रुग्ण तर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावर रुग्णालयात पोहोचतात, आणि ही सूत्रे मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्यांच्या गाठींवरून बांधलेली आहेत. त्यामुळे असा एकही जोखीम-अंक आज यकृत-कर्करोगाच्या नित्य उपचाराची दिशा ठरवीत नाही.

आणि भाकीत अचूक ठरले, तरी त्यापुढे परवडणारा उपचार असावा लागतो. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च एके काळी सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या कंपनीस देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला, तेव्हा तो सुमारे ८ हजार ८०० रुपयांवर आला. हा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली कायम केला. रुग्णाच्या आयुष्यावर अशा निर्णयाचा होणारा परिणाम कोणत्याही जोखीम-अंकाहून कमी नसतो.

आपल्याच अंगणातील उदाहरणे

हे दोष दाखवून आपण निश्चिंत होऊ नये, कारण पडताळणीची हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. आपल्या नित्य वापरातील भुईआवळीचेच पाहा. १९८८ साली चेन्नई येथील संशोधकांनी हिपॅटायटिस बी चे जीर्ण वाहक असलेल्या रुग्णांना भूम्यामलकी चूर्ण तीस दिवस दिले. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातील विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. तुलनेच्या गटात २३ पैकी एकाच्याच. या निबंधाच्या लेखकांत हिपॅटायटिस बी च्या शोधाबद्दल १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे बरूच ब्लुमबर्ग हेही होते. पुढे थायलंड, न्यूझीलंड आदी ठिकाणी चाचण्या झाल्या, तेव्हा असे फळ दिसले नाही. वनस्पतीची जात, भूमी, संग्रहाचा काळ, मात्रा, रुग्णांचे वय अशी अनेक कारणे संभवतात. पण ती तपासून निर्णय लावण्याचे कार्य आपल्याकडून पूर्णत्वास गेले नाही. आजही आपण १९८८ चे आकडे सांगतो आणि नंतरचे सांगत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. २००५ साली पुणे विद्यापीठातील संशोधकांनी ७६ व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्या एच.एल.ए. गटातील एका जनुकाचे प्रकार यांची तुलना प्रसिद्ध केली. एच.एल.ए. जनुके रोगप्रतिकाराच्या केंद्रस्थानी असतात. काही प्रकार वातप्रकृतीत, तर काही कफप्रकृतीत मुळीच आढळले नाहीत, असे या तुलनेत दिसले. दिशा दाखविणारे, आदरास पात्र असे हे कार्य आहे. पण ७६ व्यक्ती म्हणजे आरंभ होय. त्यावरून आयुर्मानाचे वा कर्करोगाचे काहीही सांगता येत नाही.

तिसरे उदाहरण अप्रिय आहे, तरी टाळता येणार नाही. कोरोनाच्या साथीत गुळवेलीचा वापर अमाप वाढला. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका घेतली व दुसऱ्या जातीची वेल वापरली गेली असावी असे मत मांडले. २०२२ साली तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. वाद कोणत्याही बाजूने मिटो. त्या रुग्णांनी कोणती वेल, कोणाकडून, किती दिवस घेतली याची नोंद विक्रेत्याकडे व वैद्याकडे असती तर हा वाद इतका लांबला नसता.

बार्शीचा धडा

नोंदीचे मोल जाणण्यासाठी सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यात मृत्यूचे कारण कागदावर येत नाही, म्हणून कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीस आणले. याचा एक परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. १९९५ साली तसे प्रसिद्धही झाले. नोंद करणाऱ्याचा लोकांशी संवाद घडला, एवढ्यानेच निदानाची अवस्था बदलली.

याच पायावर पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक विशाल चाचणी झाली. गावांच्या ५२ समूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचा आठ वर्षे मागोवा घेण्यात आला. एच.पी.व्ही. विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तुलनेच्या गटाच्या सुमारे निम्म्यावर आले, असे २००९ साली जाहीर झाले. सूक्ष्म रेणूंवर आधारलेली तपासणी खेड्यातील स्त्रीचा जीव वाचवू शकते, हे आपल्या शेजारच्या गावांनी जगाला दाखविले. यकृत-कर्करोगाच्या जनुकीय अंकांपाशी असा पुरावा अजून नाही. आणि आपल्या यकृतकल्पांपाशीही नाही.

वैद्य व औषधी व्यावसायिकांचे कर्तव्य

आमचे मत स्पष्ट आहे. भाकीत जनुकांवरून करा वा अरिष्टलक्षणांवरून, ज्याच्यामागे शेवटपर्यंत पाहिलेल्या रुग्णांची नोंद नाही, ते भाकीत विश्वासार्ह नाही. म्हणून संस्थेच्या सभासदांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवू इच्छितो.

पहिली गोष्ट नोंदीची. कामला, यकृद्दाल्युदर व जलोदर यांच्या प्रत्येक रुग्णासाठी एक स्वतंत्र पान असावे. त्यावर वय, गाव, मद्यपानाचा इतिहास, हिपॅटायटिस बी व सी चे अहवाल, सोनोग्राफी, दिलेले कल्प व त्यांचे बॅच क्रमांक, आणि शेवटी रुग्णाचे काय झाले, हे लिहावे. रुग्ण येणे थांबला तर घरी विचारणा करावी. बरा झालेला तेवढा आठवणीत राहतो आणि न परतलेला विसरला जातो. त्यामुळे आपल्या अनुभवाचा हिशोब नेहमी आपल्याच बाजूने झुकतो. प्रकृती लिहावयाची असेल तर ती पहिल्याच भेटीत, परिणाम कळण्यापूर्वी लिहावी. शक्य तेथे दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे लिहावी. सोलापुरातील शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अशा नोंदी एकत्र करण्याच्या कामी घेता येईल. नावे गुप्त ठेवून पाच वर्षांच्या नोंदी जमल्या, तर आपल्या जिल्ह्याबद्दल आपल्याला प्रथमच काही खात्रीने बोलता येईल.

दुसरी गोष्ट वेळेची. उदररोगाची गणना आपल्या शास्त्राने अष्टमहागदांत केली आहे. वाढत जाणारी कावीळ, अन्नद्वेष, झपाट्याने घटणारे वजन, उजव्या कुशीतील कठीण गाठ, अल्पावधीत भरलेला जलोदर, यांपैकी काहीही दिसल्यास आरोग्यवर्धिनी, कुटकी, शरपुंखा देऊन महिनाभर वाट पाहणे आमच्या मते अक्षम्य आहे. ज्याला सिरोसिस आहे असे ठाऊक आहे, त्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली पाहिजे. लवकर सापडलेली लहान गाठ काढता येते. उशिरा सापडलेल्या गाठीचे केवळ भाकीत करता येते. हिपॅटायटिसच्या निदान-उपचारासाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. हिपॅटायटिस सी आता तोंडाने घेण्याच्या औषधांनी काही आठवड्यांत बरा होतो आणि बी ला प्रतिबंध करणारी लस आहे. रुग्णाला हे सांगणे म्हणजे निदानपरिवर्जन होय. त्यात आपल्या शास्त्राला कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट औषधी निर्माते व विक्रेते यांच्यासाठी. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा, कर्करोग टाळा' अशी आडवळणाची भाषाही आपल्या व्यवसायाला शोभत नाही. जो रुग्ण कर्करोगाची आधुनिक औषधे घेत आहे, त्याला लिव्हर टॉनिक किंवा गुळवेलीचा कल्प उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या अपरोक्ष देऊ नये.

काष्ठौषधींच्या साठवणीकडेही तितकेच लक्ष हवे. दमट हवेत पोत्यांत राहिलेल्या द्रव्यांवर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन निर्माण करू शकते. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक लोक यकृतविकाराने दगावले. हेच विष अल्प प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृत-कर्करोगाचे कारण ठरते. पेशींच्या वाढीला आळा घालणाऱ्या पी-५३ या जनुकात ते विशिष्ट जागी बिघाड घडविते. ज्या जिल्ह्याच्या ताटात शेंगाचटणी रोज असते, तेथे बुरशीच्या शेंगदाण्याबद्दल रुग्णाला चार शब्द सांगणे हे वैद्याचे कामच आहे. आणि जो कल्प यकृताच्या नावाने विकला जातो, त्याच्या द्रव्यात यकृताचेच विष निघू नये, ही जबाबदारी सर्वस्वी निर्मात्याची.

जनुकांचे शास्त्र पुढे जात राहील. उद्या एखादा जोखीम-अंक भारतीय रुग्णांवरही खरा ठरेल आणि त्यावरून कोणाला कोणते औषध द्यावे हे निश्चित होईल, अशी आशा आहे. त्या वेळी आपल्याकडे प्रामाणिक नोंदींच्या वह्या असतील, तर प्रकृती, अग्नी, बल यांचा विचार त्या गणितात काही भर घालतो का, हे तपासण्यासाठी आपल्याला निमंत्रण येईल. वह्या नसतील, तर आपण आपल्या सभांतून केवळ 'हे आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणत बसू. संस्थेच्या आगामी सभेत यकृतविकारांच्या नोंदीचा एक समान नमुना मंजूर व्हावा आणि औषधालयांनी बिलावर बॅच क्रमांक लिहिण्याची शिस्त स्वीकारावी, असा प्रस्ताव आम्ही या लेखाद्वारे सर्व सभासदांच्या विचारार्थ मांडीत आहोत. सभासदांनी आपली मते अवश्य कळवावीत. इत्यलम्.